ताईच्या रिपोर्टातला ‘आर’ भाचीत उतरत नाही

‘लघवीचं इन्फेक्शन : लॅबवाले लपवतात ती पाच सत्यं’ हा मेसेज महिन्याभरात मला दहा जणांनी पाठवला. दहाही वेळा न वाचता पुसला. अकराव्यांदा तो ताईकडून आला. खाली तिने लिहिलं होतं, “म्हणून मी लेकीला गोळ्या घेऊ नको म्हटलंय.” भाची पाचव्या महिन्यात आहे आणि तिच्या लघवीत जंतू सापडलेत. लॅबवाली म्हणजे मीच, रोज सकाळी कल्चरच्या, म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवून पाहण्याच्या, प्लेटा वाचणारी. तेव्हा लपवलेलं काय ते सांगूनच टाकते.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. रिपोर्टमध्ये ‘आर’, म्हणजे रेझिस्टंट, आलं की शरीराला त्या औषधाची सवय झाली. ही सवय जनुकांत बसते आणि आईकडून मुलीत उतरते, म्हणून अशा आयांच्या मुलींनी अँटिबायोटिक घेऊच नये. सहा महिने औषध बंद ठेवलं की शरीर पुन्हा कोरं होतं. तोवर पाणी पिऊन जंतू धुऊन काढायचे. आणि तीन-चार ‘आर’ आले असतील तर तसंही काही लागू पडत नाही.

आधी ते जनुकांत बसणं आणि मुलीत उतरणं बघू, कारण सगळ्यात मोठा घोळ तिथेच आहे.

ताईलाही हेच इन्फेक्शन झालंय आणि तिच्या रिपोर्टमध्ये ‘आर’ आलेत. त्या रिपोर्टवर नाव ताईचं, वय ताईचं. ‘आर’ मात्र ताईचा नाही. तो तिच्या लघवीतल्या जंतूचा आहे. तिचा नमुना मीच लावला होता. रात्रभर ३७ अंशांवर ठेवला, सकाळी मॅकॉन्कीच्या प्लेटवर गुलाबी कॉलन्या : ई. कोलाय. या आजारात बहुतेक वेळा तोच निघतो. त्यातला थोडा उचलून दुसऱ्या प्लेटवर पसरला आणि वर औषधांच्या डिस्क ठेवल्या. दुसऱ्या दिवशी डिस्कभोवती पुरेसा मोठा स्वच्छ गोल दिसला तर ‘एस’, म्हणजे औषध लागू पडतं; जंतू डिस्कला खेटून वाढले तर ‘आर’. या सगळ्यात ताईचं शरीर येतं कुठे? ती तेव्हा तिच्या घरी झोपली होती.

तिच्या प्लेटवर सेफोटॅक्सिम या अँटिबायोटिकभोवती गोल जेमतेम होता. पण क्लॅव्ह्युलॅनेट असलेल्या शेजारच्या डिस्कच्या बाजूला तोच गोल किल्लीच्या भोकासारखा फुगला होता. असं दिसलं की आम्ही मान डोलावतो : ईएसबीएल. म्हणजे जंतू एक विकर, एन्झाइम, बनवतो आणि ते औषधाच्या रेणूतली कडी तोडतं. क्लॅव्ह्युलॅनेट त्या विकराला अडवतं, म्हणून तेवढ्याच बाजूला औषध शाबूत राहतं.

हे विकर बनवणारं जनुक बहुधा सीटीएक्स-एम घराण्यातलं असतं. ते सहसा प्लास्मिडवर बसतं. प्लास्मिड म्हणजे जंतूच्या गुणसूत्रापासून वेगळं असलेलं डीएनएचं छोटं कडं. एक जंतू दुसऱ्याला भिडतो आणि त्या कड्याची एक प्रत त्याला देऊन टाकतो. ई. कोलाय आपसांत जनुकांची देवघेव करतात हे लेडरबर्ग आणि टेटम यांनी १९४६ मध्येच दाखवलं होतं. ई. कोलायकडून क्लेब्सिएला नावाच्या दुसऱ्या जंतूकडे, असं जात ओलांडूनही हे कडं जातं. माणसाच्या बीजांडात मात्र जात नाही. आणि वंशावळच काढायची असेल तर सीटीएक्स-एमचं माहेर आहे क्लुयव्हेरा नावाचा जंतू. त्याच्या गुणसूत्रावरून ते उडी मारून प्लास्मिडवर आलं. ताईच्या, म्हणजे माझ्याही, आईचा यात काही हात नाही.

सिप्रोफ्लॉक्सासिन या दुसऱ्या अँटिबायोटिकच्या ‘आर’ला तर प्लास्मिडही लागत नाही. जंतूच्या जायर-ए जनुकात एक अक्षर बदलतं, ‘सी’च्या जागी ‘टी’ येतो, आणि प्रथिनात ८३व्या जागी सेरीनऐवजी ल्यूसिन बसतं. त्या जागी औषधाची पकड ढिली पडते. अक्षर चुकलं ते जंतूचं. ताईची सगळी अक्षरं जागच्या जागी आहेत.

एक गोष्ट नाइलाजाने मान्य करते. एका घरात राहणाऱ्यांच्या आतड्यांत कधीकधी एकच ई. कोलाय सापडतो, हातांवरून, संडासातून पसरलेला. म्हणजे ताईचा जंतू भाचीकडे जाऊ शकतो. पण तो गेला तर बिऱ्हाडकरू म्हणून जाईल, वारस म्हणून नाही. गेलाय की नाही हे भाचीचंच कल्चर सांगेल, आईचा रिपोर्ट नाही. भाचीचं कल्चर मी मागवून पाहिलं : अँपिसिलिन ‘आर’, बाकी सगळे ‘एस’. ताईच्या जंतूशी हा रिपोर्ट जुळत नाही.

आणि हिला गोळ्या घेऊ नको म्हणायचं! गरोदरपणात मूत्रवाहिन्या सैलावतात, लघवी तुंबते, मूत्राशयातल्या जंतूंना मूत्रपिंडाकडे चढायला वाट मोकळी होते. मग थंडी वाजून ताप येतो, बाळ दिवसांआधी होण्याची भीती असते. म्हणूनच या काळात लघवीत जंतू वाढलेले दिसले तर जळजळ नसली तरी औषध देतात. इतरांना अशा वेळी बहुधा देतही नाहीत. मेसेज लिहिणाऱ्याने नेमकं उलटं करून ठेवलंय.

“सहा महिने औषध बंद, शरीर कोरं.” शरीर हा शब्द खोडून जंतू लिहिला तर यात अर्धं खरं आहे. कॉस्टेलो आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात आधीचे अभ्यास एकत्र करून पाहिले. अँटिबायोटिक घेतल्यावर दोन महिन्यांच्या आत त्या माणसाच्या लघवीतले जंतू रेझिस्टंट असण्याच्या शक्यतेचं, न घेतलेल्यांच्या तुलनेतलं गुणोत्तर २.५ निघालं (१ म्हणजे फरक नाही), बारा महिन्यांपर्यंतचं पाहिलं तर १.३३. म्हणजे औषधाने रेझिस्टंट जंतूंचं फावतं हे खरं, आणि काळ जातो तसं ते ओसरतं हेही खरं. उगाच घेतलेल्या प्रत्येक गोळीवर माझा राग आहे तो याच आकड्यांमुळे. पण १.३३ म्हणजे १ नव्हे. कोरं वगैरे काही झालेलं नाही.

होणार तरी कसं? काही प्लास्मिडं आपला मुक्काम पक्का करून येतात. ती एक विष बनवतात आणि त्यावरचा उतारा. विष टिकाऊ, उतारा लगेच विरणारा. जंतूचे दोन झाले आणि एकाच्या वाट्याला प्लास्मिड आलं नाही, की त्याच्यात नवा उतारा बनत नाही, विष मात्र उरलेलं असतं. तो मरतो. सीसीडी नावाची अशीच जोडी एफ प्लास्मिडावर आहे. औषध थांबवलं म्हणून असलं कडं कोण सुखासुखी टाकून देईल?

पाण्याबद्दल फार भांडत नाही. वारंवार इन्फेक्शन होणाऱ्या आणि मुळात कमी पाणी पिणाऱ्या १४० बायकांवरची चाचणी २०१८ मध्ये छापून आली. रोज दीड लिटर जास्त पाणी पिणाऱ्यांना वर्षभरात सरासरी १.७ वेळा त्रास झाला, बाकीच्यांना ३.२ वेळा. पण हे झालं टाळण्यापुरतं. चिकटलेला जंतू धुऊन निघेल ही आशा सोडा. ई. कोलायच्या केसांसारख्या तंतूंच्या टोकाला फिम-एच नावाचं प्रथिन असतं, ते मूत्राशयाच्या पेशींवरची मॅनोज साखर धरतं. प्रवाहाचा ताण आला की ही पकड आणखी घट्ट होते, सरफास ओढल्यासारखी.

राहिलं “तीन-चार ‘आर’ म्हणजे काहीच लागू पडत नाही.” ईएसबीएलचं विकर जी कडी तोडतं ती नायट्रोफ्युरँटॉइन या औषधात नसतेच. उलट जंतूचीच दोन विकरं त्या औषधाला चेतवतात आणि जंतू स्वतःच्या हाताने मरतो. १९५३ पासून वापरात असूनही ई. कोलायमध्ये त्याचा ‘आर’ अजून कमी दिसतो. ताप आला, कुशीत दुखू लागलं तर ते पुरत नाही, कारण ते मूत्राशयापुरतंच काम करतं. ताईला नुसती जळजळ होती. तिच्या रिपोर्टमध्ये शेवटून दुसरी ओळ : नायट्रोफ्युरँटॉइन, ‘एस’. डॉक्टरांनी दिलेली गोळीही तीच. मेसेज वाचून तिने दुसऱ्या दिवशी सोडली, पाकीट ड्रॉवरमध्ये टाकलं आणि वर चष्म्याचं घर ठेवलं.