बिफोर

पक्याने चौदा महिन्यांत चोवीस किलो वजन उतरवलं, ९६ चा ७२ झाला, आणि त्याची शिक्षा मला झाली. म्हणजे झालं असं की मागे एका लग्नात मी काढलेले दोन फोटो बरे आले होते, तेव्हापासून ग्रुपमधे मी फोटोग्राफर. रविवारी पहाटे साडेपाचला फोन, "ऊठ, पांडवलेण्याला जायचंय, कोवळं ऊन गेलं तर मसल दिसत नाहीत."

हे मात्र खरंय हं. समोरून फ्लॅश मारला की अख्खा माणूस पोळपाटासारखा सपाट दिसतो, ऊन बाजूने आलं की मग खाचाखोचांत सावल्या पडतात आणि नसलेले मसलपण दिसायला लागतात. त्यामुळे ऊन सरकेल तसा पक्या सरकणार आणि पक्या सरकेल तसा मी, हातात फोन, एका गुडघ्यावर, पायऱ्यांवर.

त्यात प्रत्येक फोटोच्या आधी ह्याला वीस पुशअप्स मारायच्या असतात. का, तर पंप येतो, स्नायूंत रक्त भरतं आणि ते फुगतात. पण तो पंप थोडाच वेळ टिकतो, तेवढ्यात मला फोकस करायचा, त्याने पोट आत घ्यायचं, श्वास धरायचा आणि वर हसायचंही. मी क्लिक करेपर्यंत "थांब थांब, श्वास सुटला" आणि परत वीस. खाली पडलेला पक्या बघून वर चढणाऱ्या एक काकू थांबल्या, "अहो, ह्यांना चक्कर आली का? साखर देऊ?" साखर म्हटल्यावर पक्याने जो चेहरा केला, तो खरं तर त्या दिवसाचा बेस्ट फोटो होता, नेमका तोच हलला.

तीन नंबरच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा शिलालेख आहे, गौतमीपुत्र सातकर्णीच्या आईचा. तिने मुलाचे पराक्रम तर कोरून घेतलेच, पण त्याचे दंडही कोरून घेतले, नागराजाच्या वेटोळ्यांसारखे पुष्ट, गोल, लांब, सुंदर. आणि चेहरा पौर्णिमेच्या चंद्रासारखा. म्हणजे दुसऱ्या शतकातली ट्रान्सफॉर्मेशन पोस्टच की ही, फक्त पुशअप्स नाहीत आणि डिलीट करायची सोय नाही. पक्याला सांगितलं तर म्हणाला, "चंद्राचं माझं आधीच झालं होतं, तू दंडाचं बघ."

तीनशे बारा फोटो झाले, फोनचं स्टोरेज भरलं, त्यापायी माझ्या भाचीच्या बारशाचे व्हिडिओ उडवले आणि मग पक्याला आठवलं की बिफोरचा फोटोच नाहीये. जाडा होता तेव्हा प्रत्येक ग्रुप फोटोत हा कुणाच्या तरी मागे उभा, नुसतं डोकं दिसतंय. त्याने बॅगेतून जुना डबल एक्सेल टीशर्ट काढला. आणला होता म्हणे "ह्यात आता आपण दोघं मावू" असा फोटो काढायला. मी आधी घातला. पक्याला आत शिरायला जागाच उरली नाही.

दोघं गप्प. मग पक्या माझ्याकडे ज्या नजरेने बघायला लागला ती मला अजिबात आवडली नाही.

"गळ्याच्या खालीच घेऊ रे, कुणाला कळतंय?"

मिसळ त्याने द्यायची ठरली. (त्याने तर्री नको सांगितलं, नाशकात राहून! त्याचे पावपण मीच खाल्ले.) मिसळ जिरायच्या आत पोस्ट पडली, डावीकडे बिफोर, उजवीकडे आफ्टर. धडाधड लाइक्स, "भावा कसला होतास आणि कसला झालास", मीही खाली एक बदाम टाकला.

दुपारी आईचा फोन.

"पक्याच्या डावीकडच्या फोटोत तू कशाला उभा आहेस रे? आणि होतास तर पोट तरी आत घ्यायचं."