टाकी भरत नाही, मग जातं कुठे?

काका (वय सत्तर तुम्हीच लिहिलंत, म्हणून काका म्हणतो), वरच्या सेप्टिक टँकच्या लेखावर तुमचा आक्षेप असा की मी कोकणातल्या लोकांना उगाच घाबरवतो. तुमची सेप्टिक टँक २५ वर्षांत एकदाही उपसावी लागली नाही, विहीर तिच्यापासून ३० फुटांवर आहे, मे महिन्यात तपासलेलं पाणी चांगलं निघालं. मग दुरुस्तीचा खर्च कशाला?

मला खटकतात ती ही २५ वर्षंच. धड चालणारी टाकी कायम बाहेरच्या पाइपापर्यंत भरलेली असते आणि तळाशी गाळ साचत जातो. तो दोन-तीन वर्षांनी काढावाच लागतो. वाईत २०१८पासून तक्रारीची वाट न बघता घरोघरच्या टाक्या तीन वर्षांच्या पाळीने उपसायला घेतल्या, त्या यासाठीच. तुमची भरत नसेल, तर एक तर गाळ शोषखड्ड्यात (टाकीतून बाहेर पडणारं पाणी जमिनीत मुरवणाऱ्या खड्ड्यात) वाहून जातोय किंवा तळ कच्चा आहे. चिऱ्याच्या भिंती उभ्या करून तळाला कोबाच न करणारे गवंडी आपल्याकडे कमी नाहीत. वर ‘कधी भरणार नाही’ ही त्यांचीच हमी!

त्यात आपला जांभा दगड. मातीत मुरताना मैलापाणी थोडंफार गाळलं तरी जातं. जांभ्यातल्या भेगांतून ते सरळ निघतं. मेमध्ये भूजल खोल गेलेलं असतं, जुलैत तेच टाकीच्या तळाला भिडतं. शोषखड्डा विहिरीपासून किमान १८ मीटर, म्हणजे साधारण ६० फूट लांब हवा, असं भारतीय मानक सांगतं. तुमची तर टाकीच त्याच्या निम्म्यावर आहे. विहिरीत टाकतात त्या टीसीएलने (ब्लीचिंग पावडरने) जंतू मरतात, पण घाण पाझरत राहिली तर ते पुरत नाही, आणि मैल्यातून पाण्यात उतरणारं नायट्रेट त्याने जात नाही.

खर्चाची काळजी रास्त आहे. म्हणून आधी तोडफोड नकोच. दिवाळीनंतर टँकर बोलावून टाकी उपसून घ्या. माणूस मात्र आत उतरवू नका, आतल्या वायूने जीव जातात. मग बाहेरच्या पाइपापर्यंत साधं पाणी भरा, वापर बंद ठेवा आणि सकाळी पातळी बघा. उतरली, तर टाकी गळते. तळ कच्चा निघाला तर जुनी बुजवून तयार प्लास्टिकची टाकी विहिरीपेक्षा खालच्या उताराला, लांब बसवलेली बरी.

त्याआधी जुलैत एकदा नमुना द्या, ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला विचारा. नुकतंच टीसीएल टाकलेलं असताना मात्र नमुना घेऊ नका. रिपोर्ट इथेच टाका. चांगला आला तर वर लेखात लावतो.