कवटी घ्या, पण दात मोजू नका

होमस्टेच्या पडवीत चिरे लावलेत, नांगर टांगलात, आजीची रोवळी दिव्याला घातलीत. आता उणीव फक्त वाघाच्या कवटीची. तीही मिळेल. रात्री कोणीतरी सिमेंटच्या पिशवीतून आणेल आणि 'वाघाचीच आसा' म्हणेल. विश्वास ठेवा. आपल्याकडे बिबट्यालाही वाघच म्हणतात, म्हणजे तो खोटं बोलतोय असंही नाही.

एक पथ्य पाळा, दात मोजू नका. कुत्र्याच्या वरच्या जबड्यात 20 असतात, वाघ-बिबट्याच्या 16. एका पडवीत मी सवयीने मोजले. थोबाड लांबुडकं, सुळे फेव्हिकॉलने बसवलेले, आणि मागे दाढा इतक्या की हा वाघ भाकरीवरच वाढला असावा. यजमानीणबाई कवटीला रोज कुंकू लावत होत्या. मी गुमान आंबोळी खाल्ली.

सुळ्यावरची उभी बारीक खाचही बघू नका, ती मांजरकुळाची खूण. खालचा जबडा टेबलावर ठेवू नका. सिंहाचा डुलतो, वाघाचा बूड टेकून बसतो. उगाच गीरच्या गोष्टी सांगताना पंचाईत व्हायची.

वाघ मेला कसा, हे विचारणं तर असभ्यच. काजूच्या बागेत डुकरासाठी क्लचवायरची फासकी लागते, सकाळी तिच्यात कमरेला आवळलेला बिबट्या मिळतो. फासकी मात्र कोणाचीच नसते. पावसाळ्यात अळंबी उगवतात, तशी उगवते.

कवटी खोटी निघाली तर फसवणुकीची तक्रार घेऊन कुठे जाल? खरी निघाली तर 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आहेच, कमीत कमी 3 वर्षं. तेव्हा 'आजोबांची शिकार' म्हणायचं. आजोबांचा फोटो, बंदूक, मिशा, सगळं सापडेल. मालकीचं प्रमाणपत्र तेवढं वाळवीने खाल्लेलं असतं.

सोबत मुठीत मावणारी कवटी फुकट मिळाली तर मांजराची म्हणून खुशाल फळीवर ठेवा. वाघाटीची, म्हणजे इवल्याशा रानमांजरीची असली तर कायद्याच्या पंगतीत तीही वाघाशेजारीच बसते, पण जेवायला कोण बोलावतंय!

ब्लीच मारा, व्हार्निश मारा. दाताच्या मुळातल्या चिमूटभर पुडीवरून प्रयोगशाळेत डीएनए काढतात म्हणे, पण तिथवर जातंय कोण?

फक्त एखादा पाहुणा कवटीसमोर उभा राहून ओठ हलवताना दिसला, तर सोलकढी पुढे करा. सतरा, अठरा म्हणत गेला तर निर्धास्त राहा. सोळावर थांबला, तर सोलकढी तुम्हीच प्या.