लाकडावरची बुरशी: ब्लीच आणि व्हिनेगरबद्दल खुलासा

‘लाकडाला बुरशी आली की ब्लीचमध्ये व्हिनेगर मिसळून फासा, मुळासकट जाते,’ असा मेसेज फिरतोय. कृपया असं करू नका. ब्लीचमध्ये आम्ल पडलं की क्लोरीन वायू सुटतो, आणि कपाटात डोकं घालून पुसणाऱ्या माणसाच्या तो थेट छातीत जातो. अमोनिया असलेलं क्लीनरही ब्लीचमध्ये कधीच मिसळू नये.

नुसतं ब्लीचही लाकडाला उपयोगाचं नाही. फरशीवर चालतं, कारण फरशी पाणी पीत नाही, लाकूड पितं. ब्लीचमध्ये बहुतांश पाणीच असतं. ते आत मुरतं, क्लोरीनचा जोर मात्र वरवरच संपतो. डाग फिका पडतो, आपल्याला वाटतं बुरशी गेली, आणि आतल्या ओलीवर ती पुन्हा उगवते.

त्यापेक्षा मास्क आणि हातमोजे घाला, खिडक्या उघडा. कोरडी बुरशी झटकू नका, बीजाणू घरभर उडतात. भांड्यांच्या साबणाच्या पाण्यात फडकं बुडवून घट्ट पिळा, रेषांच्या दिशेनं पुसा, लगेच कोरड्या फडक्यानं टिपा आणि पंखा लावा. पॉलिश नसलेल्या लाकडात डाग खोल गेला असेल, तर पूर्ण वाळल्यावर मास्क न काढता बारीक पॉलिशपेपरनं हलकं घासा. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक सहज आत रुतलं तर मात्र लाकूड कुजलंय; तो भाग बदलावाच लागेल.

ओल कुठून येते तेही पाहाच. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा आणि मागे हात फिरवा. भिंत दमट लागली तर आधी ती गळती थांबवा. खोलीतली आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली ठेवा.