तिसऱ्या शिट्टीचा मुहूर्त

आमच्या खंडूचे सहा दात काढावे लागले, त्या दिवशी दवाखान्यातून बाहेर पडताना त्याच्यापेक्षा मीच जास्त कण्हत होतो. खंडू हा आमचा अकरा वर्षांचा लॅब्राडोर. ताकात कुस्करलेली ज्वारीची भाकरी, अधूनमधून उकडलेले अंडे आणि नशिबात असेल त्या दिवशी एखादे हाड, एवढ्या भांडवलावर त्याने सांगलीत, विश्रामबागेतल्या आमच्या घरी, उभे आयुष्य सुखाने काढले होते. डॉक्टरांनी महिनाभर भाकरी, हाड आणि कडक दाणे असे सगळेच बंद केले आणि डब्यातले ओले खाद्य लिहून दिले. वर, "सोपं असतं काका, डबा उघडायचा आणि द्यायचा," असा दिलासाही दिला. 'उघडायचा' आणि 'द्यायचा' या दोन क्रियापदांच्या मधल्या जागेत एका सेवानिवृत्त माणसाचा सबंध महिना मावतो, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते.

छत्तीस वर्षे बँकेत काढल्यामुळे कोणतेही संकट आले की मी आधी त्याचा हिशेब मांडतो. कुत्र्याला दिवसाला किती उष्मांक लागतात, याचे पशुवैद्यकातले एक सूत्र आहे. वजनाचा घन करायचा, वर्गमुळाची कळ दोनदा दाबायची आणि आलेल्या आकड्याला ७० ने गुणायचे. हा झाला नुसते पडून राहण्याचा खर्च. उठबस धरून त्याच्या दीडपटीच्या आतबाहेर द्यावे लागते. खंडूचे वजन २८ किलो. त्याची उठबस बेताचीच असल्यामुळे मी १.४ ने गुणले आणि उत्तर आले ११९३. आम्ही आणलेल्या डब्यावर शंभर ग्रॅमला ८५ उष्मांक असे छापलेले होते. म्हणजे रोज १४०० ग्रॅम खाद्य, म्हणजे चारशे ग्रॅमचे साडेतीन डबे. डब्याला २२० रुपये, दिवसाला ७७०, महिन्याला २३,१००. मी कॅल्क्युलेटर बंद करून पुन्हा सुरू केला आणि तोच हिशेब पुन्हा मांडला. यंत्राला लाज अशी नसतेच.

डब्याची चिठ्ठी बारकाईने वाचली तेव्हा त्यात ऐंशी टक्के पाणी असल्याचे कळले. चारशे ग्रॅमच्या डब्यात तीनशे वीस ग्रॅम पाणी! आमच्या गवळ्याने असा व्यवहार केला असता, तर मी त्याला दारात उभे केले नसते. पुण्याहून मुलगा फोनवर म्हणाला, "बाबा, चांगल्या दुधातसुद्धा सत्त्याऐंशी टक्के पाणीच असतं." शिकलेल्या मुलांचा हाच त्रास असतो. त्याच चिठ्ठीत पुढे 'गवार डिंक' हा घटक निघाला. रस्सा दाट व्हावा म्हणून डब्यातल्या खाद्यात गवारीच्या बियांची पूड घालतात, हे सौ.ला मी मोठ्या उत्साहाने सांगितले आणि तेवढीच चूक केली. त्या दिवसापासून मी ताटात गवारीची भाजी बाजूला सारली, की ती खंडूकडे नुसते बोट दाखवते.

पहिला डबा उघडताना झाकणावरची कडी माझ्या बोटात आली आणि झाकण जागच्या जागी राहिले. आमच्या घरी डबे फोडण्याचे हत्यार नव्हते, कारण लोणच्याची बरणी आणि पिठाचा डबा यांपलीकडे आमची मजल कधी गेलीच नव्हती. डब्यात अन्न टिकवण्याचे पेटंट पीटर ड्युरँड याने इंग्लंडमध्ये १८१० साली घेतले आणि डबा फोडण्याच्या हत्याराचे पेटंट एझ्रा वॉर्नर याने अमेरिकेत १८५८ साली घेतले. मधल्या काळात लोक छिन्नी आणि हातोडी वापरत असत. मीही परसात पायरीवर बसून छिन्नी आणि हातोडीच घेतली. पहिल्या घावाला डब्याने 'फुस्स' असा श्वास सोडला आणि तपकिरी रश्श्याची एक बारीक धार माझ्या चष्म्यावर आली. सांगलीजवळच्या हरिपूरला पूर्वी हळद पेवांत साठवत. जमिनीखालच्या त्या बंद खड्ड्यांत हवा राहत नसे, त्यामुळे किडीची डाळ शिजत नसे आणि हळद वर्षानुवर्षे टिके. पेव उघडल्यावर माणूस लगेच आत उतरत नसे. आधी कंदील सोडून पाहत, तो विझला नाही तरच पुढचे पाऊल टाकत. त्या फोडलेल्या डब्यावर नाक नेण्यापूर्वी मीही एखादा कंदील सोडायला हवा होता.

बरे, डबा उघडला म्हणून खाद्य बाहेर येते असे नाही. उपडा धरला तरी ते आत घट्ट बसून राहते, भाडेकरू बसतो तसे. बुडावर चापट्या माराव्या लागतात, कडेने सुरी फिरवावी लागते, आणि मग कधीतरी एक लांब, ओला, चारचौघांत ऐकू येऊ नये असा आवाज करत ते सगळे एकदम थाळीत उतरते. डब्याच्या अंगावरच्या आडव्या वळ्या त्या गोळ्यावर जशाच्या तशा उमटलेल्या असतात आणि तो मैलाच्या दगडासारखा थाळीत ताठ उभा राहतो. वर थरथरणारी चरबीची पांढरी टोपी. या वळ्या डब्याला बळकटी यावी म्हणून असतात, कारण डबा बंद केल्यानंतर तो आतल्या मालासकट दाबाच्या वाफेत शिजवतात. तापमान साधारण १२१ अंश, म्हणजे आपल्या कुकरच्या जवळपासचेच. थोडक्यात, खंडूचे जेवणही कुकरातूनच येत होते. पुढे कुकरने आमच्या घरात जो धुमाकूळ घातला, त्यामुळे ही गोष्ट माझ्या चांगलीच लक्षात राहिली आहे.

उरलेला अर्धा डबा काचेच्या भांड्यात काढून, झाकून फ्रिजमध्ये ठेवायचा आणि दोन-तीन दिवसांत संपवायचा, असा नियम. सौ.ने त्यासाठी सर्वांत खालच्या कप्प्यातला एक कोपरा तोडून दिला आणि एका चमच्याच्या दांड्याला लाल दोरा बांधून तो चमचा जातीबाहेर टाकला. फ्रिजमधले गार खाद्य खंडू हुंगून सोडून देई, कारण गार अन्नाचा वास उठत नाही आणि कुत्र्याचे अर्धे जेवण नाकानेच चालते. म्हणून ते भांडे गरम पाण्यात धरून कोमट करायचे. नातवंडांच्या दुधाची इतकी काळजी मी कधी घेतली नव्हती, असे सौ. म्हणाली, ते खरे असल्यामुळे मी उत्तर दिले नाही.

एवढे सगळे निभावले असते, पण घरात चिंगी आहे. चिंगी ही रस्त्यावरून स्वतःच्या पायांनी चालत आलेली गावठी कुत्री, बत्तीशी शाबूत आणि भूक त्याहून शाबूत. तिच्यासाठी भाकरी आणि दाणे होतेच. पण पहिल्याच दिवशी तिने कचऱ्याच्या बादलीतून रिकामा डबा पळवून चाटूनपुसून लख्ख केला. जीभ कापली नाही हे नशीब. पोटाने मात्र दगा दिला आणि त्याची सविस्तर नोंद दुसऱ्या दिवशी व्हरांड्यात ठिकठिकाणी सापडली. नवे खाद्य आठवडाभरात, आधी चतकोर, मग निम्मे, मग पाऊण असे वाढवत द्यायचे असते, हे डॉक्टरांनी बजावले होते. चिंगीला मात्र ते कोणी सांगितले नव्हते. डबा उघडल्याचा 'टक' असा आवाज झाला, की ती परसातून, गच्चीवरून, एकदा तर शेजारच्या गल्लीतून येऊन खंडूच्या थाळीत तोंड घालू लागली. खंडू म्हातारा आणि भिडस्त. तो बाजूला होऊन आमच्याकडे पाहत राही. मी दार लावून पाहिले, दूरदर्शन संचाचा आवाज वाढवून पाहिला. कुत्र्याला आपल्या दुपटीहून अधिक उंच पट्टीतले आवाज ऐकू येतात. संध्याकाळच्या बातम्यांचा त्यांच्यापुढे काय पाड लागणार?

मग एके दिवशी डबा आणि कुकरची तिसरी शिट्टी योगायोगाने एकाच क्षणी उघडली गेली, आणि चिंगी आली नाही. पुढच्या चाळीस सेकंदांत खंडूने थाळी साफ केली. चाळीस सेकंद हे लॅब्राडोरच्या दृष्टीने निवांत जेवण. वास पोहोचून चिंगी आली तोवर थाळी धुऊन पालथी झाली होती. त्या रात्री मला फार शांत झोप लागली.

दुसऱ्या दिवसापासून खंडूचे जेवण कुकरच्या वेळेला जोडले गेले. पहिल्या शिट्टीला डबा हातात, दुसरीला कडीत बोट, तिसरीला मंगलाष्टके संपल्यासारखा झटका. पंचाईत संध्याकाळची होती, कारण आमच्याकडे रात्री खिचडी असली तरच कुकर लागतो. आठवडाभर मी खिचडीचा आग्रह धरला. आठव्या दिवशी सौ.ने भाकऱ्या थापायला घेतल्यावर मी तिच्या नकळत दुसऱ्या शेगडीवर कुकर चढवला. तीन शिट्ट्या झाल्या, खंडू जेवला, आणि काय शिजतंय म्हणून तिने झाकण काढले तर आत नुसते पाणी. ती बराच वेळ पाण्याकडे आणि मग माझ्याकडे पाहत राहिली. "अहो, वर्गमुळाची कळ अजून किती वेळा दाबणार आहात?" एवढेच तिने विचारले.

व्हायचे ते झालेच. पंधरवड्यातच चिंगीने हिशेब जुळवला आणि ती डब्याच्या आवाजाला नव्हे, तर शिट्टीला धावून येऊ लागली. ठरावीक खूण मिळताच कुत्र्यांच्या तोंडाला पाणी सुटते, हे दाखवणारा रशियन शास्त्रज्ञ पावलॉव्ह; त्याला १९०४ साली नोबेल मिळाले ते मात्र पचनक्रियेवरील संशोधनासाठी. त्याची कुत्री वाट तरी प्रयोगशाळेतल्या खुणेचीच पाहत होती. चिंगी मात्र गल्लीतल्या कोणत्याही कुकरवर विश्वास ठेवू लागली, आणि तिचे पाहून खंडूही. पलीकडच्या वहिनींची पहिली शिट्टी झाली, की दोघेही त्यांच्या फाटकाशी जाऊन बसतात आणि डाळ शिजेपर्यंत हलत नाहीत. मी जाऊन माफी मागितली. वहिनी मनाने मोठ्या. त्यांनी मनावर घेतले नाही, उलट सहकार्यच सुरू केले. आता रोज सकाळी कुंपणावरून हाक येते:

"काका, आज हरभरे लावतेय हं, सात शिट्ट्या होतील. खंडूचा डबा आधीच उघडून घ्या."