रुंद टायर, अरुंद टायर आणि बर्फ : निपाणीच्या वाचकांच्या प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या स्पोर्ट्‌स कारसाठी हिवाळी टायरचे माप कसे निवडावे, या माझ्या लेखावर आपण सविस्तर आणि बऱ्यापैकी कडक शब्दांत प्रतिक्रिया दिली, त्याबद्दल आभार. आपले चिरंजीव जर्मनीत शिकतात, त्यांनी तिथे वापरलेली टोयोटा जीटी ८६ घेतली आहे, आणि मी १७ इंची मूळ चाकांऐवजी १६ इंची चाके व २१५ मिलिमीटरऐवजी २०५ मिलिमीटर रुंदीचे टायर सुचवल्याने आपल्याला काळजी वाटू लागली आहे, हे समजले. आपले म्हणणे थोडक्यात असे : रुंद टायरची पकड जास्त हे शेंबडे पोरही सांगेल, मग अरुंद टायर कशासाठी, चाक लहान केले की मीटर चुकीचा वेग दाखवणार, ताकद मागच्या चाकांना जाते, तर मागचे दोनच टायर बदलले तरी पुरे, आणि बेळगावात बसून बर्फावर लिहिण्याचा हा उद्योग हवा कशाला.

शेवटच्या मुद्द्याचे उत्तर आधी देतो, कारण ते सर्वांत लहान आहे. आपल्याकडे थंडीतल्या पहाटे पारा बारा-चौदा अंशांच्या आसपास असतो आणि तेवढ्यासाठी कोणीही हिवाळी टायर घेऊ नयेत, हे मी लेखातही लिहिले होते. परंतु बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागांतील कितीतरी घरांतली मुले आज जर्मनीत किंवा कॅनडात आहेत, आणि पहिल्या हिवाळ्यात ती टायरच्या दुकानात उभी राहून घरी फोन करतात. तेव्हा हा विषय आपल्या घरापर्यंत आलेलाच आहे. आपली प्रतिक्रिया हाच त्याचा पुरावा.

आता रुंदीचा मुद्दा, जो खरोखर विचार करण्याजोगा आहे. टायरचा जो भाग रस्त्याला टेकतो त्याचे क्षेत्रफळ ढोबळमानाने चाकावरचा भार आणि आतील हवेचा दाब यांवर ठरते. जीटी ८६ चे वजन साडेबाराशे किलोच्या जवळपास धरले, तर एका चाकावर सरासरी ३१० किलो भार येतो, आणि हवा २.४ बार असेल तर रस्त्याला टेकणारा ठसा साधारण सव्वाशे चौरस सेंटिमीटरचा, म्हणजे तळहाताएवढा निघतो. टायरच्या बांधणीचा कडकपणा या हिशेबात थोडाफार फरक पाडतो, पण मुख्य गोष्ट बदलत नाही : टायर रुंद केला की ठसा तेवढ्या प्रमाणात मोठा होत नाही, तर त्याचा आकार बदलतो. रुंद टायरचा ठसा आडवा आणि आखूड, अरुंद टायरचा ठसा लांबट. कोरड्या, गरम डांबरावर वळण घेताना आडवा ठसा फायद्याचा ठरतो, आणि म्हणूनच स्पोर्ट्‌स कारला रुंद टायर दिलेले असतात. इथपर्यंत आपले म्हणणे पूर्णपणे बरोबर आहे.

ताज्या, भुसभुशीत बर्फात मात्र टायरला पुढचा बर्फ बाजूला सारत वाट काढावी लागते, आणि टायर जितका रुंद तितका समोरचा अडथळा मोठा. लांबट ठसा त्या बर्फात नीट रुततो आणि नक्षीच्या ठोकळ्यांवर एकामागून एक येणाऱ्या अधिक बारीक चिरांना पकड घेण्याची संधी देतो. या चिरांमध्ये बर्फ दाबून बसतो आणि बर्फाला बर्फच घट्ट धरतो, यावरच हिवाळी टायरची बरीचशी करामत अवलंबून आहे. अर्धवट वितळलेल्या चिखलासारख्या बर्फातही कमी रुंदीचा टायर तरंगण्याची शक्यता कमी असते. उलट काचेसारख्या कठीण बर्फावर किंवा थंड पण कोरड्या रस्त्यावर अरुंद टायरचा हा फायदा राहत नाही, आणि काही वेळा रुंद टायरच किंचित सरस ठरतो. म्हणून २१५ चे २०५ करावे असे मी लिहिले, २१५ चे १७५ करावे असे नव्हे. हा दहा मिलिमीटरचा फरक रबराच्या फरकापुढे नगण्य आहे. उन्हाळी टायरचे रबर साधारण ७ अंशांखाली कडक होऊ लागते (हा ७ चा आकडा ढोबळ ठोकताळा आहे, त्या अंशाला काही जादू घडत नाही), तर हिवाळी टायरचे मिश्रण थंडीतही लवचीक राहील असे बनवलेले असते. चुकीच्या मापाचा पण खरा हिवाळी टायर हा अचूक मापाच्या उन्हाळी टायरपेक्षा बर्फावर कितीतरी बरा.

पाण्याच्या बाबतीत हा हिशेब आपल्या ओळखीच्या रस्त्यालाही लागू पडतो. जुलैमध्ये तवंदी घाट ओलांडून संकेश्वरच्या दिशेने राष्ट्रीय महामार्ग ४८ वरून जाताना साचलेल्या पाण्यावर गाडी क्षणभर हलकी झाल्यासारखी वाटते, तो अनुभव आपल्याला असणारच. नासामधील वॉल्टर हॉर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ साली या विषयावर जे सूत्र मांडले, त्यात टायर पाण्यावर तरंगू लागण्याचा वेग हवेच्या दाबाच्या वर्गमुळाशी जोडलेला आहे : ३२ पीएसआय दाबाला तो साधारण ताशी ९४ किलोमीटर निघतो, आणि हवा २४ पर्यंत उतरली असेल तर ८२ च्या आसपास. ते सूत्र मुळात विमानांच्या टायरवरून आले आणि त्यात रुंदी नव्हती. पुढे हॉर्न यांनीच ठशाच्या रुंदी-लांबीचे गुणोत्तर हिशेबात घेतले. गोटा झालेल्या, म्हणजे नक्षी झिजलेल्या, रुंद टायरमध्ये कमी हवा ठेवून पावसात ‘पकड वाढते’ असे सांगणारे आपल्या भागात पुष्कळ आहेत, त्यांनी हे आकडे पाहावेत.

मीटरबद्दल. रिम लहान झाली म्हणून चाक लहान होत नाही, कारण टायरची भिंत उंच होते. किंबहुना मापांची निवड करताना पाहायचे असते ते हेच. २१५/४५ आर १७ या मापात भिंतीची उंची २१५ च्या ४५ टक्के, म्हणजे ९६.७५ मिलिमीटर, ती दोन्ही बाजूंची धरून त्यात १७ इंचांचे ४३१.८ मिळवले की बाहेरचा व्यास ६२५.३ मिलिमीटर येतो. २०५/५५ आर १६ चा व्यास त्याच रीतीने ६३१.९ येतो. फरक एक टक्क्याचा, तोही वाढीचा. युरोपातील नियमानुसार मीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी वेग दाखवता कामा नये, त्यामुळे कारखान्यातून निघालेले मीटर थोडा जास्तच वेग दाखवते आणि एक टक्का त्या मोकळ्या जागेत सहज मावतो. याउलट कोणी दुकानदार २०५/५० आर १६ स्वस्तात देऊ लागला तर व्यास ६११.४ वर येतो, म्हणजे दोन टक्क्यांहून अधिक घट. ते माप घेऊ नये. भिंत उंच झाल्याचा आणखी एक लाभ असा की खड्ड्यात आपटल्यावर रिम वाचते. चोर्ल्याच्या रस्त्याने गोव्याला जाणाऱ्यांना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती भार पेलतो ते सांगणारा क्रमांक, हाही यात सुटू नये. २१५/४५ आर १७ वर सहसा ८७ असतो, म्हणजे ५४५ किलो. २०५/५५ आर १६ वर ९१, म्हणजे ६१५ किलो. इथे आपण वरच जातो, तेव्हा प्रश्न नाही. टायरवरचे कमाल वेगाचे अक्षर एच (ताशी २१० किलोमीटर) असले तरी जर्मनीत हिवाळी टायरसाठी चालते, फक्त चालकाला दिसेल अशा जागी त्या वेगाची चिठ्ठी लावावी लागते.

दोनच टायर बदलण्याची सूचना मात्र मला कोणत्याही परिस्थितीत मान्य नाही, आणि इथे मी थोडे जोर देऊन लिहितो. मागे हिवाळी आणि पुढे उन्हाळी टायर असलेली गाडी बर्फातून उत्तम निघेल, आणि नेमके त्यामुळेच चालकाला खोटा विश्वास वाटेल. मग पहिल्याच वळणावर स्टिअरिंग फिरवूनही ती सरळ जाईल, कारण वळवण्याचे सगळे काम आणि ब्रेकचे निम्म्याहून जास्त काम पुढच्या चाकांकडे असते. जीटी ८६ चे ५३ टक्के वजन पुढे आहे, तेही विसरू नये. उलटी जोडी, म्हणजे पुढे हिवाळी आणि मागे उन्हाळी, तर याहून वाईट, कारण मागचा भाग सुटून गाडी स्वतःभोवती फिरेल. शिवाय एबीएस (ब्रेक लावल्यावर चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) आणि स्थिरता राखणारी यंत्रणा चारही चाकांच्या फिरण्याची तुलना करत असतात. चारही टायर एकाच मापाचे आणि एकाच जातीचे असले की त्यांचे काम सोपे होते.

यातूनच पुढे-मागे वेगळी मापे असलेल्या गाड्यांचा प्रश्न येतो. उदाहरणार्थ, एफ ३० पिढीची बीएमडब्ल्यू थ्री सीरीज १८ इंची चाकांवर पुढे २२५/४५ आणि मागे २५५/४० टायर घेऊन येते. तिला हिवाळ्यात चारही बाजूंना २२५/५० आर १७ लावले तर व्यास जवळपास तोच राहतो आणि टायर पुढे-मागे अदलाबदल करता येतात. पण फोर्डच्या मस्टँग जीटीसारख्या गाडीला ही युक्ती सरसकट लावता येत नाही. ज्या मस्टँगला पुढे ३८० मिलिमीटरची ब्रेक डिस्क आहे तिच्यावर १७ इंची रिम चढणारच नाही. रिम किती लहान करायची याची मर्यादा टायर ठरवत नाही, ब्रेकचे कॅलिपर, म्हणजे डिस्कला दोन्ही बाजूंनी दाबणारा भाग, ठरवते. त्यामुळे जीटी ८६ वरही १६ इंची रिम घेताना तिच्या आऱ्यांचा आकार, ऑफसेट (रिमच्या मध्यापासून ती जिथे बसते त्या पृष्ठभागाचे अंतर) आणि रुंदी (२०५/५५ साठी साडेपाच ते साडेसात इंच) पाहूनच घ्यावी. मोठे ब्रेक नंतर बसवलेली वापरलेली गाडी असेल तर आधी रिम एकदा चढवून पाहावी.

जर्मनीत कायद्याचीही बाजू आहे. बर्फ किंवा गोठलेला रस्ता असताना हिवाळी टायर सक्तीचे आहेत आणि २०१८ पासून बनलेल्या टायरवर तीन शिखरांमध्ये हिमकण असे चिन्ह असावे लागते. केवळ ‘एम प्लस एस’ (मड अँड स्नो, म्हणजे चिखल आणि बर्फ) लिहिलेले जुने टायर ३० सप्टेंबर २०२४ नंतर चालत नाहीत. नक्षीची कायदेशीर किमान खोली १.६ मिलिमीटर असली तरी ४ च्या खाली गेलेला हिवाळी टायर बर्फात फारसा उपयोगी नसतो.

परत येताना चिरंजीवांनी हे टायर सामानासोबत आणावेत आणि आपण ते निपाणीत आपल्या गाडीला वापरावेत, अशी जी कल्पना आपण शेवटी मांडली आहे, ती सोडून द्यावी. एप्रिलच्या उन्हात ते मऊ रबर आणि चिरांनी मोकळे झालेले ठोकळे वळवळतात, ब्रेक लावल्यावर गाडी थांबायला जास्त अंतर घेते आणि नक्षी झपाट्याने झिजते. ते तिथेच विकावेत. आणि त्याआधी, टायर मागवण्यापूर्वी, गाडीच्या नोंदणीबरोबर येणाऱ्या कागदात २०५/५५ आर १६ हे माप मान्य असल्याची खात्री चिरंजीवांनी करून घ्यावी. ते मान्य नसेल तर मूळच्याच १७ इंची रिमवर २१५/४५ चे चांगले हिवाळी टायर चारही चाकांना बसवावेत. त्या दहा मिलिमीटरपायी गाडी थंडीभर उभी ठेवण्याचे काहीच कारण नाही.