सेफ्टी टाकीत काटकसर कशी करावी

आपल्या सोलापुरात तिला सेफ्टी टाकीच म्हणतात. मूळ शब्द सेप्टिक आहे, हे मलाही ठाऊक आहे. पण सेप्टिक म्हटलं की चिघळलेली जखम आठवते, सेफ्टी म्हटलं की निर्धास्त वाटतं. शिवाय नावातच सेफ्टी असल्यावर वर पुन्हा सेफ्टीसाठी वेगळा खर्च कोण करणार?

तर तुम्ही हद्दवाढ भागात प्लॉट घेतला आहे. १९९२ साली आपला भाग शहराच्या हद्दीत आला, तेव्हापासून ड्रेनेज येणार आहे. काही नगरांत आली, काही नगरांत तिच्यासाठी खणलेला खड्डा आला. तोवर टाकी बांधणं भाग आहे. गवंडी विचारेल, "मालक, केवढी काढू?" मानकांच्या पुस्तकात पाच माणसांच्या घराला साधारण पाच फूट लांब आणि अडीच फूट रुंद टाकी पुरते. तुम्ही असं हलकं काम करू नका. दहा बाय आठची काढा, पुरुषभर खोल. टाकी जेवढी मोठी तेवढा उपसा लांब, आणि पुढच्या पिढीला सांगायला एक कर्तृत्व: "वीस वर्षांत एकदा झाकण उघडलं नाही!"

वाढलेला खर्च भरून काढायला तळाला काँक्रीट घालू नका. "खालून मोकळी ठेवली की भरतच नाही ओ," असं गवंडी सांगेल आणि त्याचं खरंच आहे. वरची काळी माती पाणी लवकर पीत नाही, पण खालचा मुरूम आणि खडकाच्या भेगा तक्रार न करता सगळं पोटात घेतात. पुढे ते कुठे जातं? त्याचं उत्तर आपण चार दिवसांनी येणाऱ्या नळाला कंटाळून घेतलेल्या बोअरमध्ये आहे. पुस्तक म्हणतं, शोषखड्डा (मैलापाणी जमिनीत मुरवणारा खड्डा, आपली बिनतळाची टाकी तेच करते) आणि पिण्याच्या पाण्याची विहीर यांत किमान अठरा मीटर, म्हणजे साठ फूट अंतर हवं. आपला प्लॉट तीस बाय चाळीस. एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरकं मोजलं तरी पन्नासच फूट भरतात. म्हणजे हा नियम पाळायचा तर बोअर शेजाऱ्याच्या स्वयंपाकघरात घ्यावी लागेल. (इथे क्षणभर उपरोध बाजूला ठेवून सांगतो, या नियमापुढे आपल्यासारखा माणूस खरंच हतबल आहे. छोट्या प्लॉटवर याला इलाज एकच, सार्वजनिक ड्रेनेज. ती कधी येणार ते वर सांगितलंच.) तेव्हा बोअर आणि टाकी गुण्यागोविंदाने शेजारी नांदू द्या आणि घरात फिल्टर बसवा. तो ईएमआयवर मिळतो.

टाकीतला वायू वर सोडणाऱ्या व्हेंट पाइपने घराचं एलिव्हेशन बिघडतं, तो काढून टाका. झाकणावर पार्किंगची टाइल बसवा.

आता उपसा. सरकारी सूचना सांगतात, दर दोन-तीन वर्षांनी टाकी रिकामी करा. बिघडलेलं नसताना दुरुस्त करणारे हे लोक. टाकी स्वतःच आठवण करून देते, आणि मुहूर्तही नेमका काढते: सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला पाहुणे आले आहेत, नंदीध्वज बघून सगळे घरी परतलेत, शेंगा चटणी आणि कडक भाकरीवर ताव मारून झालाय आणि आतून आवाज येतो, "अहो, पाणी खाली जात नाहीये."

मैला उपसायची गाडी बोलवायचा मोह होईल. गाडी बोळात शिरत नाही, शेजारी नाक धरून गच्चीत उभे राहतात, वर पावती फाडावी लागते. त्यापेक्षा कुणाच्या तरी ओळखीचे दोन-तीन जण मिळतात. गाडीच्या निम्म्यात होतं. त्यांचं आडनाव विचारू नका, तुम्हाला ते आधीच माहीत असतं. चहा द्यायचा तर कागदी कपात. आत उतरण्यापूर्वी क्वार्टरचे पैसे मागतील, ते मजुरीतून कापा.

सुरक्षेची खात्री मात्र जरूर करा. आपल्याकडे जळता कंदील आत सोडून बघायची पद्धत आहे. टाकीत मिथेन असतो आणि तो पेट घेतो, हे त्या कंदिलाला कुणी सांगितलेलं नाही. दुसरी खूण वासाची. कुजलेल्या अंड्यासारखा वास आला की हायड्रोजन सल्फाइड. तो फार वाढला की नाकाची वास घेण्याची शक्तीच मरते, आणि वरून कुणीतरी ओरडतं, "वास गेला बघ, उतर आता." तोंडाला रुमाल असतोच. हा वायू रुमालाला भीक घालत नाही, पण बघणाऱ्याला बरं वाटतं.

पहिला उतरतो. हाक दिली तर ओ देत नाही. मग दुसरा, बहुतेक त्याचा भाऊ किंवा मेहुणा, त्याला काढायला उतरतो. त्याच्यामागे तिसरा. पेपरात अशा बातम्यांत आकडा बहुधा दोन किंवा तीन असतो, तो यामुळे. तुम्ही वर उभे असता. तुम्ही उतरत नाही, आणि तेच योग्य आहे. नियमातही तसंच लिहिलंय: दोर आणि श्वसनयंत्र नसताना कुणी उतरू नये. एक तरी नियम पाळला गेला.

पुढच्या खर्चाची काळजी करू नका, तो सार्वजनिक आहे. २०१३ च्या कायद्याने माणसाला असं टाकीत उतरवणंच बंद केलंय. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ते तुम्हालाही लागू आहे, पण आपण कुठे कामाला ठेवलं होतं? ते "आपणहून" आले होते. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये मृताच्या घरच्यांना दहा लाख द्यायला सांगितले, २०२३ मध्ये त्याचे तीस केले. आणि मुंबईत गोवंडीच्या एका खासगी सोसायटीच्या टाकीत २०१९ साली तिघे गेले, तेव्हा त्यांच्या बायका उच्च न्यायालयात गेल्या. न्यायालयाने भरपाई राज्य सरकारला द्यायला लावली.

हिशेब बघा. तळाचं काँक्रीट वाचलं, पाइप वाचला, गाडीचे निम्मे पैसे वाचले. हे सगळं आपल्या खिशात. माणशी तीस लाख सरकारी तिजोरीतून. आणि उद्या पालिकेने ठरवलं की घरपट्टीसोबत थोडे पैसे घेऊन दर तीन वर्षांनी गाडी दारात पाठवायची, तर तुम्ही मोर्चाच्या पुढच्या रांगेत असलं पाहिजे. हातात फलक घ्या: जनतेच्या पैशाची उधळपट्टी थांबवा.

माझं स्वतःचं विचाराल तर मी या सगळ्या सल्ल्यांचं चालतंबोलतं उदाहरण आहे. आमची टाकी वडिलांनी बांधली, पंचवीस वर्षं उघडली नाही. मागच्या आठवड्यापासून मोरीत पाणी तुंबतंय. टाकी जिन्याखाली आहे की देवघराखाली, हे फक्त वडिलांना माहीत होतं. गवंडी सध्या अंदाजाने फरशी फोडतोय. मघाशी त्याने विचारलं, "मालक, सापडली तर उतरायला माणूस बघून ठेवू का?"